अडतीस लाल ठिपके

सेवापुस्तकात त्यांचं नाव, जन्मतारीख, डाव्या मनगटावरचा तीळ, सगळं रीतसर नोंदवलेलं होतं. पण शाळेत त्यांना त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. पाचवीच्या मुलांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या हजेरीबाई. सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेच्या कार्यालयात क्लार्क म्हणून काढली होती. कार्यालयाची एक खिडकी व्हरांड्यात उघडायची आणि त्या खिडकीला लागूनच त्यांचं टेबल होतं. दाखला हवा, नावातली वेलांटी चुकली, बसचा पास हरवला, मुलगी आज शाळेत पोचली का, जे काही असेल ते त्या खिडकीशी येऊन सांगायचं.

बाई शब्दाच्या पक्क्या आणि जिभेच्या तिखट. हजेरीपट घरी नेऊन भरतो म्हणणाऱ्या शिक्षकाला त्या दारातही उभं करत नसत. एकदा एक गृहस्थ खिडकीशी आले आणि शेजारच्यांची मुलगी कोणत्या वर्गात आहे, किती वाजता सुटते, असं सहज विचारावं तसं विचारू लागले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा चष्म्याच्या वरून, एकदा चष्म्यातून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. गृहस्थ कुठल्याशा कचेरीतले साहेब निघाले. त्यांची तक्रार आली, बाईंना जाब विचारला गेला. बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: ती माहिती त्या मुलीची आहे, माझी नाही, मी कशी वाटू?

यंत्रांशी त्यांचं वाकडं होतं असं कुणी म्हणू नये. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा बाकीचे कर्मचारी त्याच्यावरच्या कापडाची घडी मोडायलाही घाबरत होते. बाईंनी चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकेक अक्षर शोधत, तो शिकून घेतला. जुने हजेरीपट त्यांनी स्वतःच्या दोन बोटांनी त्यात चढवले. खूप काम वाचतं म्हणून त्यांचा त्याच्यावर जीवच होता.

त्यामुळे संस्थेने नवी प्रणाली आणायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झालेलं माणूस म्हणजे हजेरीबाई.

प्रणालीचं नाव लांबलचक होतं. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं: सिग्नल. कारण ती प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका दाखवायची. कंपनीकडून समजावून सांगायला एक तरुण आला होता. भर उकाड्यात गळ्याशी आवळलेला टाय, म्हणून तो झाला टायवाला. मुलगा मोठा सालस होता. त्याने सांगितलं, कोणतं मूल शाळा सोडून जाण्याची किंवा नापास होण्याची शक्यता आहे, हे सिग्नलला दोन वर्षं आधी कळतं. हिरवं मूल ठीक, पिवळ्यावर लक्ष ठेवा, लाल मुलाला वेळेवर हात द्या. त्यासाठी शाळेने फक्त जुन्या नोंदी द्यायच्या. हजेरी, गुण, पत्ता, पालकांचा व्यवसाय, भावंडं.

बाईंना ते मनापासून पटलं. सत्तावीस वर्षांत किती मुलं खिडकीसमोरून दाखला घेऊन गेली होती आणि किती तर दाखला न घेताच नाहीशी झाली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? कुणी आधी सांगितलं असतं तर त्यातली दोन-चार तरी थांबवता आली असती. बाईंनी कंबर कसली. महिनाभर त्या शाळा सुटल्यावरही तासभर बसून नोंदी तपासत आणि पाठवत राहिल्या. टायवाला म्हणाला, इतका स्वच्छ डेटा मला दुसऱ्या कुठल्याच शाळेने दिला नाही. बाईंनी ते कौतुक घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

नवीन वर्ष सुरू झालं आणि रंग उमटले. नववीत एकशे चौसष्ट मुलं होती. त्यातली अडतीस लाल.

पहिले काही दिवस सगळे उत्साहात होते. मग संस्थेच्या बैठकीत ठरलं की लाल मुलांची वेगळी तुकडी करायची. नाव मोठं छान दिलं, आधार तुकडी. तळमजल्यावर पाण्याच्या टाकीशेजारी सामानाची एक खोली होती, ती रिकामी करून तिथे बाक मांडले. आधी ठरलं होतं की त्यांना जादा शिक्षक मिळेल. जादा शिक्षक आला नाही. उलट प्रयोगशाळेचा तास कमी झाला, कारण आधी पाया पक्का व्हायला हवा म्हणे. ग्रंथालयाचा तासही गेला. दोन महिन्यांत अशी स्थिती झाली की ज्या शिक्षकाचा तास मोकळा असेल त्याला तळमजल्यावर धाडायचं आणि त्याने फळ्यावर उदाहरणं लिहून देऊन वर निघून यायचं. मुलं एकमेकांना टाकीवाले म्हणू लागली. बाकीची मुलंही तेच म्हणू लागली, पण हसत.

हे सगळं बाईंच्या कानावर येत होतं. पण शिकवण्याचं काम शिक्षकांचं, त्यात क्लार्कने नाक खुपसू नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पुढे त्यांना त्या दोन महिन्यांची फार लाज वाटायची.

एका दुपारी मधल्या सुट्टीत एक मुलगी खिडकीशी येऊन उभी राहिली. नववीतलीच, पण उंची अशी की खिडकीतून बोलायला तिला वाकावं लागे. मैत्रिणी तिला शिडी म्हणत. तिला बसच्या पासवर शिक्का हवा होता. बाईंनी शिक्का मारून पास परत दिला, तरी ती जाईना.

"अजून काय गं?"

"बाई, मी लाल का आहे?"

बाईंनी तिला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. तिने सांगितलं की सरांच्या मोबाईलवर सगळ्यांनीच पाहिलंय. मग ती एका दमात बोलत सुटली. मला सगळ्या विषयांत पन्नाशीच्या आसपास मिळतात. फार हुशार नाही मी, पण नापास कधीच झाले नाही. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या माझ्या नववीतल्याच मैत्रिणीला माझ्यापेक्षा कमी पडतात, तरी ती हिरवी. मला प्रयोगशाळा आवडते. आता आम्हाला तिथे नेत नाहीत. आई म्हणते, तूच काहीतरी केलं असशील. मी काय केलंय, ते सांगा, म्हणजे मी ते पुन्हा करणार नाही.

बाईंनी शिक्क्याची डबी मिटली. उद्या ये, एवढंच त्या म्हणाल्या.

सिग्नलमध्ये एक बारीकसा कोपरा होता, तिथे दाबलं की रंगामागची कारणं दिसत. शिक्षकांपैकी कुणी तो दाबलाच नव्हता. बाईंनी शिडीची कारणं उघडली. पहिलं: पाचवीत सलग सव्वीस दिवस गैरहजर. दुसरं: मोठ्या बहिणीची गळती. तिसरं: राहण्याचा परिसर.

सव्वीस दिवस. बाईंना तो आकडा ओळखीचा वाटला. त्या अभिलेखांच्या खोलीत गेल्या, चार वर्षांपूर्वीचा पाचवीचा कागदी हजेरीपट काढला आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. त्या वर्षी शिडीच्या, म्हणजे गोदामांमागच्या, वस्तीत कांजिण्यांची साथ आली होती. आजारी पडली तीन मुलं. पण बाकीच्या पालकांनी ओरड केली आणि शाळेने त्या वस्तीतल्या सगळ्याच मुलांना पुढची सूचना मिळेपर्यंत घरी बसायला सांगितलं. सूचना मिळायला सव्वीस दिवस लागले. हजेरीपटाच्या समासात बाईंच्याच अक्षरात शिसपेन्सिलीने लिहिलेलं होतं: शाळेच्या आदेशावरून. संगणकात मात्र समास नव्हता. हजर किंवा गैरहजर, दोनच खाने. त्यांच्याच दोन बोटांनी सव्वीस वेळा गैरहजर दाबलं होतं.

आणि मोठी बहीण? तिची गळती झालेलीच नव्हती. ती दहावीनंतर दुसऱ्या गावी मावशीकडे राहून शिकली आणि आता एका रुग्णालयात रक्त तपासते. जाताना तिने दाखला नेला नाही, तिकडच्या संस्थेने नुसत्या गुणपत्रिकेवर प्रवेश दिला होता. दाखला न नेलेल्यांसाठी यादीत एकच शब्द होता, गळती. तोही बाईंनीच निवडला होता.

बाई तिथल्या स्टुलावर बसल्या. मग उठून त्यांनी उरलेल्या सदतीस मुलांची कारणं पाहिली. अडतीसपैकी बावीस मुलं गोदामांमागची होती. बावीसच्या बावीस जणांना तेच सव्वीस दिवस चिकटले होते.

शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि हजेरीबाई एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. एक शिक्षिका म्हणून, एक क्लार्क म्हणून. चार भिंतींच्या आत दोघी एकमेकींना अगं-तुगं करत. त्यामुळे बाई हजेरीपट काखोटीला मारून थेट त्यांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. हजेरीपटात ठेवलेलं त्या वेळचं परिपत्रकही दाखवलं. मुलांना घरी बसवण्याच्या आदेशाखाली मोठ्या बाईंचीच सही होती.

मोठ्या बाईंनी ती सही पाहिली, परिपत्रक बाजूला सारलं आणि म्हणाल्या, हे आता कशाला उकरून काढतेस? निर्णय संस्थेचा आहे. आणि कंपनी म्हणते, यांचं भाकीत शंभरात सत्याऐंशी वेळा बरोबर येतं.

"मग उरलेली तेरा कोण?" बाई म्हणाल्या. "आपल्या शाळेत ती कुठे बसतात, तेवढं विचार त्यांना. मला वाटतं, टाकीशेजारी बसतात."

मोठ्या बाईंनी विषय बदलला. सहामाहीच्या नोंदी शुक्रवारपर्यंत कंपनीकडे जायला हव्या होत्या. त्यांनी त्याची आठवण करून दिली.

"मी पाठवणार नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे पाठवणार नाही. आधीच्या चुका दुरुस्त होत नाहीत, त्या पोरांना वर त्यांच्या वर्गात बसवत नाहीत, तोवर माझ्या हातून एक आकडा बाहेर जायचा नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा बदलला. "तुम्हाला याचे परिणाम माहीत आहेत ना?" त्या म्हणाल्या. तूचं तुम्ही झालं, तेव्हाच बाईंनी ओळखलं की आता मैत्रीचं बोलणं संपलं. शुक्रवार उलटला, नोंदी गेल्या नाहीत आणि सोमवारी टेबलावर मेमो येऊन पडला. कर्तव्यात कसूर, वरिष्ठांची अवज्ञा, तीन दिवसांत खुलासा द्यावा. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. सत्तावीस वर्षांत पहिला मेमो.

घरी नवऱ्याने तो दोनदा वाचला. ते आयुष्यभर वीज मंडळात मीटर वाचणारे होते, आता निवृत्त. घरोघरी कुत्र्यांच्या तोंडी जाऊन आकडे लिहून आणायचं काम. मोजकं बोलायचे आणि ते बोलणंही असं की चेष्टा करताहेत की गंभीर आहेत ते कळू नये. त्यांनी मेमो घडी करून परत दिला आणि विचारलं, "मीटर उलटसुलट फिरताना दिसलं, तर आम्ही आकड्यापुढे सदोष असं लिहायचो. मग कुणीतरी येऊन मीटर तपासायचं. तुमच्या त्या सिग्नलात सदोष लिहायला जागा आहे का?"

"नाही."

"मग ते मीटरच नाही. नुसतं घड्याळ टांगलंय भिंतीवर." मग म्हणाले, "खुलासा शाईने लिही. तुला पेन्सिलची सवय आहे."

बाईंनी खुलासा शाईने लिहिला. दीड पान. माफी कुठेच नव्हती. चूक मान्य होती, पण वेगळीच: समासातली टीप मी संगणकात नेली नाही, खाना नव्हता तर तो मागायला हवा होता, तो मागितला नाही, ही माझी कसूर. नोंदी न पाठवणं ही कसूर नाही.

आणि मग त्यांनी ते केलं ज्याने सगळी शाळा हादरली. खरं म्हणजे एक पाटी लावली, बाकी काही नाही. शाळेची नियमावली त्यांनीच कधीकाळी टंकलिखित केली होती, त्यामुळे तिच्यातलं कलम न् कलम त्यांना पाठ होतं. एक कलम असं होतं की लेखी अर्ज केल्यास पालकाला आपल्या पाल्याच्या नोंदी पाहता येतील. इतक्या वर्षांत कुणी अर्ज केलाच नव्हता, कारण असं कलम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: आपल्या मुलाबद्दल शाळेने काय लिहून ठेवलं आहे, ते पाहण्याचा पालकांना हक्क आहे. अर्ज येथे मिळेल. लिहिता येत नसल्यास लिहून दिला जाईल. आणि पुठ्ठा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला.

पहिल्या दिवशी चार पालक आले. तिसऱ्या दिवशी रांग व्हरांड्याच्या टोकाला पोचली.

बाईंनी एक शिस्त ठेवली होती. एका वेळी एकच पालक आत, दार बंद, आणि समोर फक्त त्यांच्याच मुलाचं पान. शेजारच्या मुलाचा रंग कोणता, हे विचारणाऱ्याला त्या सरळ बाहेरची वाट दाखवत. चौथ्या दिवशी वरून हुकूम आला आणि त्यांच्या संगणकाचा पासवर्ड बदलला गेला. पडदा काळा झाला. बाईंनी काळ्या पडद्यावर कापड टाकलं, कागदी हजेरीपट काढले आणि रांग पुढे चालू ठेवली.

शिडीची आई त्याच दिवशी आली. कपड्यांना इस्त्री करायचं तिचं दुकान होतं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आली होती. तिने समासातलं ते पेन्सिलचं वाक्य बाईंकडून तीनदा वाचून घेतलं.

"म्हणजे शाळेनेच घरी बसवलं," ती सावकाश म्हणाली, "आणि शाळाच म्हणते, घरी का बसली."

"हो. आणि ते लिहिणारी मी."

बाईंना वाटलं होतं, ही आता भांडेल. ती भांडली नाही. तिने विचारलं, हे सांगायला कुठे जायचं असतं? मला नीट बोलता येत नाही मोठ्या लोकांसमोर. बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहिते, पण शब्द तुमचेच राहतील. त्या अर्जात एक वाक्य असं होतं: माझ्या मुलीला वाटतं की तिने काहीतरी वाईट केलं आहे, तर तिने काय केलं ते शाळेने सांगावं, नाहीतर काही केलं नाही असं तरी सांगावं.

असे एकोणतीस अर्ज जमले. संस्थेच्या अध्यक्षांना बैठक बोलवावीच लागली.

बैठक वाचनालयात झाली. एका बाजूला अध्यक्ष, संस्थेची दोन माणसं आणि मोठ्या बाई. दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडून टायवाला. हजेरीबाईंसाठी खुर्ची ठेवलेली नव्हती. त्यांनी कोपऱ्यातलं पुस्तकं काढायचं छोटं स्टूल ओढून आणलं आणि टेबलाशी बसल्या.

अध्यक्ष तसे वाईट नव्हते, पण त्यांना उलट ऐकायची सवय नव्हती. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की एवढ्या मोठमोठ्या शाळा ही प्रणाली वापरतात, तज्ज्ञ लोकांनी ती बनवली आहे, आणि एका क्लार्कने पालकांना भडकवणं संस्था खपवून घेणार नाही. तुम्ही क्लार्क आहात, असं ते दोनदा म्हणाले.

"आहेच," बाई म्हणाल्या. "तज्ज्ञांना जे काही माहीत आहे ते माझ्या टेबलावरून गेलंय. म्हणून मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. यांना विचारते, हे सांगतील."

त्या टायवाल्याकडे वळल्या. पहिलं विचारलं, एखादी नोंद चुकीची असेल तर सदोष असं लिहायची सोय आहे का? टायवाल्याने सांगितलं, सध्या नाही. दुसरं, मुलाला किंवा पालकाला हा रंग का मिळाला ते दाखवायची सोय आहे का? तो म्हणाला, ते शाळेने ठरवायचं असतं, आम्ही कारणं दिलेली असतात. तिसरं, रंग पाहून वेगळी तुकडी करा, प्रयोगशाळा बंद करा, असं तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलंय का?

टायवाल्याने टाय सैल केला. म्हणाला, "नाही. उलट लिहिलंय. रंगावरून मुलांना वेगळं काढू नये, जादा मदत द्यावी. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं." आणि मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाला की परिसर हा निकष आम्ही घालायलाच नको होता असं आता मलाही वाटतं.

अध्यक्षांनी विचारलं की सव्वीस दिवस घरी बसवलेली म्हणता ती बावीस मुलं नेमकी कोण, यादी द्या. बाई म्हणाल्या, यादी मिळणार नाही. आकडा खरा आहे की खोटा ते हजेरीपटावरून पडताळून घ्या, पण पुन्हा एकदा पोरांची नावं टेबलावर मांडून बोट ठेवायचं काम माझ्याकडून व्हायचं नाही. अध्यक्षांचा आवाज चढला. हा आदेश आहे, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, मग दुसरा मेमो काढा, पहिल्याच्या खाली टाचून ठेवते.

अध्यक्षांनी यादीचा विषय सोडला. ते म्हणाले, मुळात शाळेनेच मुलांना घरी बसवलं होतं याला पुरावा काय? एका पेन्सिलच्या ओळीवर संस्थेने निर्णय फिरवायचा?

परिपत्रक बाईंच्या पिशवीत होतं. त्या ते काढणार होत्या. पण त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि हात पिशवीतच थांबला. तो का थांबला, हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. सत्तावीस वर्षांची ओळख होती, एवढंच.

मोठ्या बाई टेबलाकडे पाहत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"पुरावा मी आहे," त्या म्हणाल्या. "आदेश माझा होता. सहीसुद्धा माझी आहे. तीन मुलं आजारी होती आणि मी बावन्न घरी बसवली, कारण मला पालकांच्या ओरड्याची भीती वाटली. आत्ताही मला भीतीच वाटत होती."

त्यापुढे बैठक तासभर चालली, पण ठरायचं ते त्या वाक्याला ठरून गेलं होतं. आधार तुकडी बंद करून मुलांना आपापल्या वर्गात पाठवायचं. शिक्षकांच्या मोबाईलवरचे रंग काढून टाकायचे. सिग्नल ठेवायची, पण तिच्या सांगण्यावरून कोणत्याही मुलाचं काही काढून घ्यायचं नाही, द्यायचंच असेल तर द्यायचं. चुकीची नोंद पालकाने दाखवली की पंधरा दिवसांत दुरुस्त करायची. बाईंनी हे सगळं तिथल्या तिथे लिहून काढलं आणि उपस्थित असलेल्या प्रत्येकाची सही घेतल्याशिवाय स्टुलावरून उठल्या नाहीत.

सगळंच काही त्यांच्या मनासारखं झालं नाही. परिसर हा निकष काढायला कंपनीने पुढे वर्ष लावलं. जादा शिक्षक शेवटपर्यंत आला नाही. अध्यक्षांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचंच. आणि मेमोही मागे घेतला गेला नाही. मोठ्या बाईंनी एकदा येऊन सुचवलं की दिलगिरीची एक ओळ लिहून दे, मी तो सेवापुस्तकातून काढून घेते. अगं, एकच ओळ. बाईंनी विचारलं, दिलगिरी कशाची? मग दोघींनी चहा घेतला आणि मेमो तसाच राहिला.

ज्या दिवशी टाकीशेजारची खोली रिकामी झाली त्या दिवशी मुलं आपापले बाक स्वतःच उचलून जिन्याने वर घेऊन गेली. शिडी खिडकीशी थांबली. बाईंनी तिला आत बोलावलं आणि तिच्या नोंदीचं दुरुस्त केलेलं पान तिला वाचायला दिलं. मग त्या म्हणाल्या, "तू काही केलं नव्हतंस. केलं होतं ते मी. मला माफ कर." मुलीला अवघडल्यासारखं झालं. कुणी मोठं माणूस असं काही म्हणालं की काय करायचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती बरं म्हणाली आणि दप्तर उचलून वर पळाली.

दीड वर्षाने दहावीचा निकाल लागला. गोदामांमागची काही मुलं चांगली पास झाली, काही जेमतेम. दोघं नापास झाली. शिडीला चौपन्न टक्के पडले.

निकालाच्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तो आकडा वाचला आणि हसून म्हणालं की हजेरीबाईंनी एवढं रान उठवलं, ते या चौपन्न टक्क्यांसाठी होय. बाई नेमक्या तेव्हाच गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत येत होत्या. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

"ती नापास झाली असती," त्या म्हणाल्या, "तरी मी तेवढंच रान उठवलं असतं. पोरगी हुशार निघावी म्हणून नव्हते मी भांडत. तिला वर्गात बसायचा हक्क होता, म्हणून भांडत होते. गुणपत्रिका मोजून घ्या आणि इथे सही करा."

शिक्षकांनी सही केली. बाईंनी सही नीट आली आहे ना ते पाहिलं, वही मिटली आणि खिडकीशी जाऊन बसल्या. तिथे तोवर रांग लागली होती.